पाय पुढे करायचे नाहीत

गयाबाईंनी दाराची चौकट धरली होती आणि ती सोडायला त्या तयार नव्हत्या. समोर खाली उतरणारा जिना, वर आम्ही दोघे, आमच्या हातात स्ट्रेचर आणि स्ट्रेचरवर गयाबाई. दम एवढा लागला होता, की एकेक शब्द बोलायला त्यांना थांबावं लागत होतं. तरी त्या म्हणतच होत्या, "पाय... पुढं... नाई."

"बाई, हात सोडा. पडाल."

"पडू... द्या. पाय... पुढं... करून... मी... जात... नाई."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या ॲम्ब्युलन्सवर मी अटेंडंट होतो. आज हेच काम करणाऱ्या मुलांना इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात. ऐकायला झकास वाटतं. आम्हाला लोक 'गाडीवाले' म्हणायचे. गाडीत एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचं सिलिंडर, ड्रेसिंगची पेटी आणि मोडलेल्या हातापायाला बांधायच्या लाकडी पट्ट्या, एवढाच संसार. सायरन नव्हता. पितळेची घंटा होती, तिची दोरी ड्रायव्हरशेजारी बसून ओढायची. ती घंटा सीताबर्डीच्या गर्दीतही ऐकू जायची आणि सायकलवाले, रिक्षेवाले निमूट बाजूला व्हायचे. आता एवढे मोठे सायरन बोंबलतात आणि कोणी ढिम्म हलत नाही. असो. म्हातारपणी माणसाला जुन्या घंटा गोड लागायच्याच.

ड्रायव्हर होते गुलाबराव. काटोलकडचे, माझ्याहून बरेच मोठे. उन्हाळ्यात ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून गाडी चालवायचे आणि प्रत्येक खड्ड्याला नावानिशी शिवी द्यायचे. त्यांच्याबरोबर काम करताना मला कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी मात्र वाटली.

मे महिना होता. लग्नसराई जोरात होती. इतवारीतून फोन आला. भांड्याच्या दुकानाच्या मालकिणीचा मुलगा नामदेव शेजारच्या पेढीवरून बोलत होता. "आईले लय दम लागून राहिला जी. लवकर या." आम्ही निघालो. गाडी चौकातच ठेवावी लागली, कारण भांडे गल्लीत ती शिरणं शक्यच नव्हतं. दोन्ही बाजूंनी गंज-पातेली, पराती, बादल्यांच्या उतरंडी, मध्ये हातगाड्या. तेव्हा त्या गल्लीत दिवसभर पितळेवर हातोड्यांचे ठोके चालायचे. त्या आवाजातून वाट काढत, डोक्यावर स्ट्रेचर घेऊन आम्ही दुकानाशी पोचलो. खाली दुकान, वर घर, मध्ये उभाच्या उभा लाकडी जिना. ऑक्सिजनचं सिलिंडर जड, ते गाडीतच राहिलं होतं.

गयाबाईंनी पन्नाशी ओलांडली असेल. मागच्या वर्षी नवरा गेल्यापासून दुकानाच्या गादीवर त्याच बसत. गल्लीत त्यांचा दरारा होता म्हणे. आम्ही पाहिलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर, अंगाला घाम, पावलांवर सूज. शेजारी त्यांची मोठी जाऊ वारा घालत होती. रोग कोणता हे ठरवणं माझं काम नव्हतं. माझं काम उचलायचं, जिवंत ठेवायचं आणि दवाखान्यात पोचवायचं. पण ओठ निळे दिसले, की घाई करायची एवढं मला कळत होतं.

आता इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. स्ट्रेचर नेहमी पेशंटचे पाय पुढे करून न्यायचं. मागचा माणूस डोक्याशी असतो, त्याला पेशंटचा चेहरा दिसत राहतो. श्वास अडला, उलटी झाली, तर लगेच कळतं. जिना उतरताना तर हा नियम मोडायचाच नाही. पाय पुढे असले, तर डोकं वर राहतं. डोकं पुढे केलं, तर माणूस उलटा लोंबकळल्यासारखा होतो. हे मला ट्रेनिंगमध्ये घोटून घोटून शिकवलं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती.

आम्ही त्यांना आडवं निजवलं, पट्टे बांधले. दम आणखी वाढला. मला वाटलं, घाबरल्या आहेत. उचललं, दारापर्यंत आलो, आणि त्यांनी चौकट धरली.

"काय म्हणून राहिल्या या?" मी नामदेवला विचारलं. मीही बोलता बोलता त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

उत्तर जाऊबाईंनी दिलं. "मागच्या साली भाऊजींले याच जिन्यानं नेलं गा. असंच, पाय पुढं करून. ही इथंच उभी होती. जित्या माणसाले असं नेतेत काय कुठी?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे घरातून पाय पुढे करून कोण जातं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण ट्रेनिंग घेतलं, की माणूस घरचं विसरतो.

नामदेव म्हणाला, "मंग डोकं पुढं करून न्या नं."

"एवढ्या उभ्या जिन्यावर डोकं खाली करून? नेता येणार नाही."

"काहून येनार नाई? तुमचे नियम जास्त, का माझी माय?"

"अरे, तुझ्या आईच्या जिवासाठीच तर नियम आहे!"

तो अंगावर आला. मीही काही गरीब नव्हतो. आवाज चढले. जाऊबाई रडायला लागल्या. खाली गल्लीत ठोके चालूच होते. स्ट्रेचरची दांडी माझ्या हातात, त्यामुळे नामदेवला ढकलताही येईना. गुलाबराव जिन्याच्या तोंडाशी, पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे. ते ओरडले, "भाऊ, भांडन बाजूले ठेव! बाई काळीनिळी पडून राहिली."

मी खाली पाहिलं. गयाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस आला होता. छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. आम्ही शब्दाला शब्द लावत होतो आणि बाई आमच्या हातावर जात होती.

स्ट्रेचर जमिनीवर टेकवलं. पट्टा सैल केला मात्र, गयाबाई चौकटीच्या आधाराने उठून बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. थोडा वेळ नुसताच श्वास. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या त्रासातही ती नजर गिऱ्हाइकाला गप्प करणारी होती.

"मी बसून... येते. नेता... त न्या."

मला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. निजलेल्या असताना त्यांना धड एक शब्द फुटत नव्हता. बसल्यावर दोन शब्द सलग आले. का ते मला कळलं नाही, पण दोन शब्द एकापेक्षा बरे, एवढा हिशेब माझ्या डोक्याला जमला.

"खुर्ची आहे का घरात? हातांची?"

खिडकीजवळ सागवानी खुर्ची होती. नामदेवनं ती झटकन आणली. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. बाईंना खुर्चीत बसवलं. स्ट्रेचरचे पट्टे काढून एक छातीखालून, एक मांड्यांवरून बांधला. खुर्ची जराशी मागे कलती केली. मी पाठीमागून वरच्या दांड्या धरल्या, गुलाबरावांनी पुढचे पाय धरले आणि पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरायला लागले. नामदेव त्यांच्या पाठीला हात लावून खाली.

अर्ध्या जिन्यात गुलाबराव थांबले. त्यांच्या तोंडासमोर गयाबाईंची पावलं होती. त्यांनी मान वर केली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, पाय त पुढंच हायेत."

"गुलाबराव, गप्प राहा नि उतरा."

ते उतरले.

खाली दुकानात वेगळाच प्रकार. जिन्यावरची रडारड ऐकून नोकरानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या होत्या. मालकाच्या घरात काही झालं, की पहिल्यांदा फळ्या लागतात. गयाबाईंनी ते पाहिलं. श्वास गोळा केला.

"फळ्या... काहून लावून राहिला रे? मी मेली काय?"

नोकर बिचारा फळी हातात धरून तसाच उभा राहिला. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की काय सांगू. जी बाई दुकानाच्या फळ्यांवरून भांडते, ती अजून आपल्यात आहे.

गल्लीतून चौकापर्यंत खुर्ची हातांनी नेली असती तर आम्हीच आडवे झालो असतो. दारात एक हमाल हातगाडीवरून बादल्या उतरवत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. उरलेल्या बादल्या त्यानं रस्त्यावरच उपड्या केल्या आणि म्हणाला, "ठेवा बाईले." खुर्ची हातगाडीवर चढली. गुलाबरावांनी आपला ओला दुपट्टा काढून बाईंच्या डोक्यावर टाकला. मी चाकाशेजारून खुर्ची धरून चालत होतो. हमाल "हटो, हटो" करत पुढे रेटत होता. एकेका दुकानातले ठोके थांबत गेले. माणसं हातोड्या हातात घेऊन उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. भर दुपारी भांडे गल्लीत तशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

गाडीतही त्या आडव्या झाल्या नाहीत. खुर्चीच गाडीत चढवली. मी ती गुडघ्यांत आवळून धरली आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला. मग घंटा कोण वाजवणार? नामदेव पुढे बसला. त्यानं ती दोरी अशी ओढली, की दवाखाना येईपर्यंत घंटेला उसंत नव्हती. ओढता ओढता तो रडत होता. थोड्या वेळापूर्वी ज्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती, तो हाच.

सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला तरुण डॉक्टर होते. त्यांनी खुर्चीसकट पेशंट पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला, सिस्टरना भराभर इंजेक्शनं सांगितली. बाईंना पलंगावरही पाठीशी उशा लावून बसतंच ठेवलं. तासाभरात ओठांचा रंग परतायला लागला. मग डॉक्टर बाहेर आले.

"बसवून आणायचं कोणाला सुचलं?"

"पेशंटलाच, साहेब. आडव्या व्हायला तयार नव्हत्या."

"बरं झालं नाही झाल्या. हार्ट थकलं की फुफ्फुसात पाणी भरतं. अशा माणसाला आडवं केलं तर तो त्या पाण्यातच बुडतो. आडवं आणलं असतंत, तर मला नाडी सापडली नसती."

मी खाली बाकावर जाऊन बसलो. गुलाबरावांनी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"स्ट्रेचर असताना तुम्ही पेशंट हातगाडीवरून नेला?"

"होय, साहेब."

"लोक काय म्हणतील? संस्थेकडे साधन नाही?"

"खुर्ची नव्हती, साहेब. ती पेशंटची वापरली."

"मग ती परत केली का?"

"नाही. गाडीतच आहे."

"आधी परत करा," साहेब म्हणाले. पेशंट जगला का, हे त्यांनी मी दारापर्यंत गेल्यावर विचारलं. जगला म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. तसे मनाने वाईट नव्हते.

गयाबाई घरी आल्याचं कळल्यावर मी आणि गुलाबराव खुर्ची घेऊन गेलो. त्या गादीवर बसल्या होत्या, जरा वाळल्या होत्या, पण आवाज तोच. आम्हाला बर्फ घातलेलं पन्हं दिलं. खुर्ची पाहून म्हणाल्या, "माघारी काहून आनली? राहू द्या गाडीत. दुसऱ्या कोनाले लागन."

गुलाबरावांच्या पोटात गोष्ट राहत नसे. ते म्हणाले, "बाई, एक सांगू का? रागावू नका. खुर्चीवर बी तुमचे पाय पुढंच होते जी."

मी त्यांना कोपराने ढोसलं. गयाबाई हसल्या.

"मले का दिसत नव्हतं? माझेच पाय होते नं ते. पन बाप्पा, आमच्या मालकांले नेलं तवा ते वर पाहत गेले. मी सारी गल्ली पाहत गेली."

त्यानंतर त्या आणखी बरीच वर्षं दुकान चालवत होत्या. खुर्ची आमच्या गाडीत राहिली, साहेबांनीही पुन्हा विषय काढला नाही. गुलाबराव आता नाहीत. त्या गल्लीतले ठोकेही बरेच कमी झालेत. इतवारीत गेलो, की मला चुकल्यासारखं वाटतं.

रिटायर झाल्यावर काही काळ मी नव्या मुलांना शिकवायला जात असे. स्ट्रेचर पाय पुढे करून न्यायचं, दम लागलेल्या माणसाला आडवं करायचं नाही, हे सगळं त्यांना आता पुस्तकातच मिळतं. मी फक्त एवढं सांगायचो, की पेशंट शुद्धीवर असेल, तर उचलण्याआधी त्याला विचारा, कसं यायचंय. विचारायला फारसा वेळ लागत नाही. समजूत घालायला लागतो.