भिंतीपलीकडचं वरण

धानोळीत जिल्हा परिषदेची शाळा आणि दुय्यम कारागृह यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तालुक्याचं गाव, मधोमध जुनी तहसील कचेरी, तिच्या अंगाला जेल आणि जेलला लागून शाळा. साहेब येणार असले की भिंतीला चुना लागतो, पण तो जेलकडच्या अंगानं. शाळेकडच्या अंगाचे पोपडे कधीच निघालेत आणि उरलेल्या जागेवर पोरांनी कोळशानं पाढे लिहिलेत. विचारायला जावं तर शाळेची जबाबदारी जिल्हा परिषदेची आणि जेलची तहसीलदाराची. उत्तर मात्र दोन्हीकडे सारखंच मिळतं: वरून निधी आला नाही. हे 'वर' कुठं असतं, तिथं कोणती एसटी जाते, ते धानोळीतल्या कोणालाच ठाऊक नाही.

याच भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या खोलीत तानाबाई मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शाळेची खिचडी शिजवते.

उंच, काटक बाई. आवाज असा की तिनं पत्र्याखालून हाक मारली तर तहसीलमधला शिपाईही वळून बघतो. नवरा धनसिंग रस्त्याच्या कामावर डांबर टाकता टाकता गेला, तेव्हा मुलगा भावसिंग याच शाळेत तिसरीला होता. पोराला शाळेत सोडायला आलेली बाई चुलीपाशी बसली ती तिथलीच झाली. सरकारनं तिला गॅसची शेगडी दिली, पण सिलिंडर भरायला पैसे दिले नाहीत. शेगडीवर आता तिखटमिठाचे डबे ठेवलेले असतात. तानाबाई डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन येते आणि कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांवर साऱ्या शाळेचं जेवण होतं. मानधन कधी येईल ते सांगता येत नाही. तिच्या जोडीला असलेली इंदुताई म्हणते, "आपलं मानधन म्हंजे पाव्हणा हाय व. येतो म्हनते, येत नाही. आला तं दिवाळी."

तानाबाईचा नेम एकच. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधी खिचडी तयार पाहिजे. उशीर झाला की पोट्टे ओसरीत ओळीनं बसून ताटं वाजवायला लागतात, आणि तो आवाज तिला सोसत नाही. "माह्या काळजावर वाजते," असं म्हणत ती धुरातच जाळ पुढं सारते. खरवड निघाली तर ती तिची. पोरांच्या ताटात करपलेलं शीत गेलं नाही कधी.

भावसिंग मोठा झाला, आयटीआय करून वायरमन झाला. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची उजळलेली. शाळेतही फुकटात दिवे बसवून गेला होता. त्यामुळे छताचा गिलावा कुठून सुटतोय ते त्याला वरच्या साहेबांच्या आधी कळलं. दोन खोल्या धोकादायक ठरून बंद झाल्या. सगळे वर्ग उरलेल्या दोन खोल्यांत आणि ओसरीत कोंबले. दुरुस्तीचा प्रस्ताव गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी मागच्या पावसाळ्यात भावसिंगनं पालकांना गोळा केलं आणि पंचायत समितीच्या फाटकाला कुलूप ठोकलं. आत साहेब अडकले. बाहेर पालक भजनं म्हणत बसले. संध्याकाळी पोलीस आले. सरकारी कामात अडथळा, असा गुन्हा लागला. बाकीचे जामिनावर सुटले, पण 'म्होरक्या' म्हणून भावसिंग आत राहिला. तारखेला न्यायला पोलिसांची गाडी नसायची, म्हणून तारीख पुढं जायची. मुलांसाठी छत मागणाऱ्याला सरकारनं स्वतःचं छत दिलं. शाळेच्या छताचं मात्र काहीच झालं नाही.

भिंतीच्या अलीकडे आई, पलीकडे मुलगा. भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून भावसिंग बोलायचा. घरची बंजाऱ्यांची गोरबोली सोडून मराठीत, कारण हवालदाराला कळलं पाहिजे असा दंडक होता. आईला 'याडी' म्हणणं तेवढं सुटलं नव्हतं.

"याडी, फोडणीचा वास येते तुह्या चुलीचा."

"मंग खातो काय रे तू तिकडं?"

"पाणी. पिवळं पाणी. त्याले वरण म्हनतात इथं."

जेलमध्ये स्वयंपाकघर नावालाच होतं. जेवण ठेक्यावर एका खानावळीतून डब्यात यायचं. खानावळवाल्याचं बिल सरकार थकवायचं, आणि तो वरणात पाणी वाढवून ते वसूल करायचा. हगवणीनं दोघं जण दवाखान्यात गेले, तेव्हा भावसिंगनं न्यायाधीशांच्या नावे अर्ज लिहिला. हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं. उगाच घोर लागेल म्हणून.

हिवाळ्याच्या एका सकाळी श्रीकृष्ण हवालदार शाळेत आला. जेलच्या पहाऱ्यावरचा जुना माणूस. बोलायला गोड, वागायला वारा येईल तसा.

"तानाबाई, चाला. आज तुमचा गंज इकडं. डाळ-तांदूळ बी घ्या. कोर्टाच्या मोठ्या मॅडम येऊन राह्यल्या जेल पाहाले."

"आन् पोट्टे काय खातीन?"

"बिस्किटं आणून देतो ना! एक दिवस बिस्किटं खाल्ली तं मरतीन का?"

तानाबाईनं मुख्याध्यापिकेकडं पाहिलं. मंजुषा मॅडम यवतमाळहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या. त्या टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवत होत्या. "मी नाही म्हणू शकत नाही हो. पंचायत समितीच्या साहेबांचा फोन आलाय. मागं शिबिराला सतरंज्या दिल्या, निवडणुकीला खोल्या दिल्या. तसंच समजा."

तसंच समजायची शाळेला सवय होती. कोणाची सभा असो, कोणाची पाहणी, उणं पडलं की शाळेतून न्यायचं. परत आलंच तर तुटून यायचं.

तरीही खरं सांगायचं तर तानाबाई त्या सकाळी मनातून हरखली. चार महिन्यांनी पोराच्या पोटात तिच्या हातचं जाणार होतं. इंदुताईनं चिमटा काढला, "पाह्य बापा, सासुरवाडीचा जावई जेवाले बसणार असल्यावानी निघाली!" तानाबाई हसली. मागच्या दारच्या वाफ्यातून तिनं अंबाडीची पानं खुडली. तुरीच्या वरणात अंबाडी घातली की भावसिंग लहानपणी ताट चाटून पुसायचा. गंज दोघींनी कानाला धरून फाटकातून आत नेला आणि इंदुताई परत फाटकाशी येऊन थांबली.

"एक ध्यानात ठेवजा," श्रीकृष्ण म्हणाला, "बाहेर यायचं नाही. पोराले हाका मारायच्या नाही. आचारी म्हणून आल्या, आई म्हणून नाही."

जेलच्या स्वयंपाकघरात जळमटं काढलेली, ओटा ओला. कोपऱ्यात पोत्यानं काहीतरी झाकलेलं होतं. तानाबाईनं सहज पोतं उचललं. खाली खानावळीचे डबे. एकाचं झाकण सरकवलं तर आत पिवळं पाणी, तळाशी बोटभर डाळ. तिनं झाकण लावलं. आज तर हे कोणी खाणार नाही ना, म्हणून मनात देवाचे आभार मानले आणि लसणाची फोडणी दिली.

न्यायाधीश बाई आल्या. अधीक्षक म्हणून तहसीलदार साहेब, मागं कारकून. कैदी अंगणात ओळीनं बसले. दाराच्या फटीतून तानाबाईला भावसिंगची पाठ दिसत होती. खांद्याची हाडं वर आलेली. पहिला घास त्यानं तोंडात घातला आणि त्याचा हात तिथंच थांबला. हळूच त्यानं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. ओळखलं होतं त्यानं.

न्यायाधीश बाईंनीही चमचाभर घेतलं. "वा, अंबाडी! रोज असंच असतं?"

"असंच असते, मॅडम," श्रीकृष्ण म्हणाला. तहसीलदार साहेबांनी मान डोलावली.

बाईंनी कागद काढला. "मग ही तक्रार? वरणात पाणी, पोळ्या कच्च्या, दोघं आजारी. कोणी लिहिली?"

"तो पाहा ना, भावसिंग. आंदोलनवाला हाय, मॅडम. घरी गेला तं बायकोच्या भाजीवर बी अर्ज करन." ओळीत कोणीतरी कसनुसं हसलं.

"उभा राहा. हे जेवण चाखलं मी. यात काय कमी आहे? सांग."

भावसिंग ताट धरून उभा राहिला. खरं सांगावं तर आईचं नाव घ्यावं लागणार. आईचं नाव घेतलं की तिची चूल जाणार. त्यानं खाली पाहिलं.

"यात काही कमी नाही, मॅडम."

"मग खोटा अर्ज का केला?"

तो ताट घेऊन खाली बसला. बाईंनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. तक्रारीत तथ्य आढळले नाही."

फटीमागं तानाबाईनं सारं ऐकलं. पोरानं तक्रार केली होती! खरी होती, तिनं स्वतः झाकण उघडून पाहिलं होतं. आणि तिनंच, स्वतःच्या हातानं, अंबाडी घालून, लसणाची फोडणी देऊन ती खोटी पाडली होती. बाहेर जावं तर पोराला आत हेच लोक सांभाळणार. न जावं तर पोर खोटारडा ठरणार. 

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. ठण् ठण् ठण्. आधी एक ताट, मग दहा, मग सगळी.

"हा कसला आवाज?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"शाळा हाय, मॅडम. पोट्टे खेळून राह्यले."

तानाबाईनं दार ढकललं.

"खेळून नाही राह्यले. भुकेजले हायेत. बिस्किटं पोचलीच नसतीन."

"तुम्ही कोण?"

"मी शाळेत खिचडी करतो. हे वरण माह्या हातचं हाय. डाळ थ्या पोरायची, तांदूळ पोरायचे, गंज बी पोरायचा. आज तुमाले दाखवाले आणला."

श्रीकृष्ण पुढं झाला. "मॅडम, ही त्या आरोपीची आई हाय. मुद्दामून—"

"हो, आई हाय! आई हाय म्हणून तं वरण चांगलं झालं. पण बाकीच्यायच्या माया रोज येतीन का इथं रांधाले? जेल मायच्या भरवशावर चालवता का सरकारच्या?" तिनं आत जाऊन डबा ओढत आणला, झाकण फेकलं. "हे आजचं जेलाचं वरण. पोत्याखाली झाकलं होतं. हे चाखा आन् मंग लिहा काय लिहाचं थे."

तहसीलदार साहेबांनी घड्याळ पाहिलं. न्यायाधीश बाईंनी चमचा बुडवला, तोंडाला लावला आणि तो घास बराच वेळ गिळलाच नाही.

"आधीचं खोडा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि या बाईंना त्यांचा गंज नेऊ द्या."

भावसिंगनं एक कान धरला, तानाबाईनं दुसरा. फाटकापर्यंतच त्याला जाता आलं. तिथून इंदुताईनं धरलं. "याडी, अंबाडी झ्याक झालती," तो एवढंच म्हणाला.

त्यानंतर सरकार हललं, पण कसं ते ऐका. डब्यातला नमुना सीलबंद होऊन तपासणीला गेला, त्याचा अहवाल अजून यायचा आहे. खानावळीचा ठेका तोच आहे. भावसिंगला 'प्रशासकीय कारणास्तव' यवतमाळच्या जेलात हलवलं. आता भेटीला एसटीनं जावं लागतं. शाळेच्या छतावर कोणी शिडीही लावली नाही. या सगळ्या प्रकरणात फक्त एका माणसाला जाब विचारला गेला. तानाबाईला. शाळेचं धान्य शाळेबाहेर नेल्याबद्दल आणि विनापरवाना कारागृहात शिरल्याबद्दल.

ज्या फाटकाला मुलानं कुलूप लावलं होतं त्याच फाटकातून ती खुलासा द्यायला गेली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धान्य बाहेर नेलंत. कोणाच्या परवानगीनं?"

"तुमच्याच फोनानं, साहेब."

"तसं कुठं लिहिलेलं नाही."

"छताचा गिलावा पडला थे बी कुठं लिहेल नाही. तरी पडलाच ना?"

"विषयाला धरून बोला, बाई. चूक कबूल आहे की नाही?"

तानाबाईनं थोडा विचार केला. बाजूला कारकून पेन धरून बसला होता.

"लिहा. चूक झाली. थे वरण मी चांगलं केलं, हेच चुकलं."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, असं लिहिता येत नाही. मग कसं लिहायचं यावर दोघं बोलत बसले. तानाबाईनं खिडकीतून उन्हाकडं पाहिलं, पदर खोचला आणि उठली.

"अहो, कुठं चाललात? सही बाकी आहे!"

"तुम्ही ठरवा निवांत," ती दारातून म्हणाली. "माह्यी चूल पेटाची हाय. ताटं वाजाले लागतीन."