बाबांचं सिम

आज दुपारी मी जे वागलो, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

हौस म्हणून खरी बटणं असलेला कीबोर्डवाला स्मार्टफोन घेतला. अनलॉक्ड. "कुठलंही सिम चालेल ना?" दादरच्या दुकानदाराला तीनदा विचारून खात्री करून घेतली.

घरी बाबांनी तो हातात घेतला. बाबा मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आता हात थरथरतात, टचस्क्रीनवर भलतंच अक्षर उमटतं आणि मी त्यांच्यावर खेकसतो. या फोनवर मात्र त्यांनी न चुकता स्वतःचं अख्खं नाव टाइप केलं.

"माझं सिम चालेल रे यात?"

"नाही चालणार, बाबा."

"बरं." त्यांनी फोन शर्टाला पुसून परत दिला.

हे त्याच फोनवरून लिहितोय. आता कुठल्या तोंडाने सांगू त्यांना, की चालतं?