घरी कुणीतरी हवं

केशवअण्णा गेला ही बातमी मला त्याच्या बायकोनंच, शांताक्कांनी, शेजारच्यांच्या फोनवरून दिली. "भावजी, हे गेले की..." एवढं म्हणाल्या, आणि मग, "तुम्ही दवाखान्यात जावा. मला घर सोडून निघता येत नाही." नवरा तिकडे एकटा मरून पडलाय आणि ही बाई घर सोडत नाही! मला भयंकर राग आला. त्या रागातच मी रिक्षा पकडली.

कोप्पीकर रोडवर त्याचं कापडाचं दुकान होतं, शेजारी माझं घड्याळांचं. हुबळी-धारवाडात राहून फारसा खर्च न करता सुट्टी कशी घालवावी, हे अण्णाला विचारावं. रविवारी सिटी बसनं उणकलचं तळं, श्रावणातल्या शनिवारी नुग्गीकेरीचा मारुती, आणि फारच चैन करायची झाली तर पॅसेंजरनं अळणावर गाव. वाटेत जंगल बघायचं, फलाटावर दहीबुत्ती खायची, परतीच्या गाडीनं घरी. शांताक्का, त्यांचा एकुलता एक रमेश आणि फुकटचा पाहुणा म्हणून मी, अशी आमची वरात निघायची. रमेशला उणकलच्या पायऱ्यांवरून उठवणं म्हणजे दिव्य असे. अण्णा त्याला खांद्यावर टाकूनच बसमध्ये चढवायचा.

तोच रमेश मोठा झाल्यावर म्हणाला, मी कापड फाडत बसणार नाही, गॅरेजात काम शिकणार. अण्णाचं डोकं फिरलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला, "मग माझ्या दारात परत पाऊल टाकू नकोस!" पोरगा खाली मान घालून बाहेर पडला. संध्याकाळी येईल असं आम्हाला वाटलं. पोलीस झाले, नातेवाईक झाले, बेळगाव-पुणे झालं... तो आलाच नाही.

पुढं काही महिन्यांनी अण्णाच्या सहली पुन्हा सुरू झाल्या. तीच तळ्याची पायरी, तोच मारुती, तोच अळणावरचा फलाट. लोक म्हणायचे, काय दगडाचं काळीज आहे! मीही सोबत जायचो. तो पाण्याकडे पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करून बसायचा. एकदा मी चिडवलं, "तळं तिकडं आहे रे."

"तळं कशाला बघू?" तो म्हणाला. "मी त्याला दार बंद केलं की नाही? तो ऐकणारा पोरगा आहे, दारात येणार नाही. मग मी बाहेर नको का बसायला? या जागा त्याला ठाऊक आहेत."

मी त्यानंतर त्याला कधी चिडवलं नाही.

शांताक्का मात्र एकदाही आमच्याबरोबर आल्या नाहीत. नवऱ्याला त्यांनी माफ केलं नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा नवराबायको कधी जोडीनं दिसले नाहीत.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी सहज डोकावलो. शांताक्का बाहेरचं पातळ नेसून, डबा भरून तयार होत्या.

"भावजी, तुम्ही इथं बसता काय? मी उणकलला जाऊन येते."

"मी येतो की सोबत."

"नको, नको! घरी कुणीतरी हवं." मग दाराची चौकट धरून हळू म्हणाल्या, "हे म्हणायचे, तो ऐकणारा आहे. मला नाही तसं वाटत. आईच्या घरी यायला कुणाचं ऐकतोय तो? भूक लागली की येईल. म्हणून मी कधी हललेच नाही बघा... दवाखान्यातसुद्धा गेले नाही. हे बाहेर होते तोवर जमलं. आता दोन्हीकडं मी एकटी कशी पुरू?"

मी चपला काढून आत गेलो. जिच्यावर मी रागावलो होतो ती बाई ही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या घरी बसतो. हे लिहितोय तेही तिथंच, अण्णाच्या खुर्चीत. जेवण झाकून ठेवलेलं असतं, दोघांपुरतं. कडी वाजली की उठतो. दूधवाला असतो, नाहीतर शेजारीण. दिवेलागणीला शांताक्का परत येतात. मला काही विचारत नाहीत. उंबऱ्याशी थांबून आधी दाराबाहेरच्या चपला बघतात... तिथं माझ्या एकट्याच्याच असतात.