नव्या रायपूरच्या गाडीची चाचणी
लिंबू कापलं की त्याच्या वासानं मला नव्या रायपूरच्या रेल्वेची चाचणी आठवते. गाडी माझी मुलगी चालवणार होती आणि ‘आधी गाडी, मग लग्न’ म्हणून अडून बसली होती. गाडीची तारीख सारखी पुढं जाई. होणारे व्याही म्हणाले, “गाडी तर निघूनच नाही राहिली. आम्ही दुसरी पोट्टी पाहू काय?” मी म्हटलं, “पाहा.” शेवटी चाचणी ठरली, तेव्हा तेही आले. पूजेला चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत गाडी निघाली. मी हात हलवला, पण मुलीची नजर रुळावरच होती. व्याही कुरकुरले, “आपल्याकडे पाहिलंबी नाही!” मी म्हटलं, “गाडी चालवून राहिली ते. तुमच्या घरीबी अशीच राहील.” ते हसले. आता मी त्या गाडीत बसले की शेजारच्या बाईला, तिनं विचारलं नसलं तरी, सांगते, ही पहिल्यांदा माझ्या पोट्टीनं चालवली.