पहिला वाटा

तिर्झाला मूल नव्हतं आणि एफाला दोन मुलगे. एवढं सांगितलं की त्या घरातलं निम्मं कळलं. दोघी अझूरच्याच बायका. तिर्झा थोरली, एफा धाकटी. एफा नुसती हसली तरी तिर्झाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि मेली सारखी हसायची.

थोरलीकडे एकच मान उरला होता. वर्षातून एकदा गावच्या टेकडीवरच्या वेदीवर मेंढरू कापलं जायचं, मांस शिजायचं, आणि अझूर सगळ्या गावादेखत पहिला वाटा तिर्झाच्या हातात द्यायचा. एफा मागे उभी असायची. त्या एका घासावर तिर्झा वर्ष काढायची.

मग राजाची माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने वेशीत उभं राहून नियम वाचून दाखवला. परमेश्वर एकच, आणि तो मत्सरी आहे. त्याच्या जोडीला दुसरं कुणी त्याला खपत नाही. घराघरांतल्या मूर्ती आणा आणि फोडा.

तिर्झाने कान टवकारले. म्हणजे देवालासुद्धा सवत नको. आजवर कुणी तिच्या मनातलं इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. एफाच्या उशाशी मातीची बाई होती, दोन्ही हातांनी छाती धरलेली. बाळाला दूध पुरावं म्हणून ठेवलेली.

"आमच्याही घरात आहे," तिर्झा पुढे होऊन म्हणाली. "धाकटीच्या अंथरुणाशी. चला, दाखवते."

मूर्ती उंबऱ्यावर फोडली. एफा रडली. "अक्का, मला सांगितलं असतंत तर मीच आणून दिली असती."

"तुला काय सांगायचं? हसली असतीस."

त्या दिवशी तिर्झाला कोरडी भाकरीही गोड लागली. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तीच माणसं पहारी घेऊन टेकडीवर चढली. वेदीचे दगड गडगडत खाली आले. तिर्झा धापा टाकत वर पोचली.

"अहो, ही तर परमेश्वराचीच वेदी. इथे दुसरं कुणी नाहीच."

"देव एक, जागा एक," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "यापुढे बळी फक्त यरुशलेमच्या मंदिरात."

वल्हांडणाच्या सणाला मेंढरू बळी द्यायला अझूर यरुशलेमला निघाला. गाढव एकच. अंगावरचं पोर घेऊन एफा त्यावर बसली.

"शेळ्या व्यायल्यात, तू राहा," तो तिर्झाला म्हणाला. "तुझ्यावर घर टाकून गेलं की मला घोर नसतो."

तिने मन घट्ट केलं. वाटा फडक्यात बांधून आणतील, थंड तर थंड. सणाचे दिवस सरले, मंडळी आली. हात रिकामे.

"सकाळपर्यंत मांस ठेवायचं नाही," अझूर म्हणाला. "उरलं ते जाळायचं. तसा नियम आहे."

"आणि पहिला वाटा कुणाला दिलात?"

अझूर गाढवाचं ओझं सोडत राहिला. एफाच म्हणाली, "तुम्ही नव्हतात ना, अक्का." या खेपेला ती हसली नाही, खाली बघत होती. तेच तिर्झाला जास्त झोंबलं.

"पुढच्या वर्षी मी चालत येईन."

"ये की," अझूर म्हणाला. "पण मग शेळ्यांकडे कोण बघणार?"