जेवणाच्या सुट्टीतली ओळख

माझ्या नवऱ्याला दुसरी नोकरी मिळाली ती एका परिषदेत, जेवणाच्या सुट्टीत. नातेवाइकांना आम्ही एवढंच सांगतो आणि ते ‘बरं झालं बाई’ म्हणतात. बरं झालं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

परिषदेचं नाव फलकावर एवढं लांबलचक होतं की ते वाचून होईपर्यंत माणूस फाटकातून आत जायचा. सारांश असा की कामाच्या ठिकाणी माणसांकडून जास्त काम कसं करून घ्यावं. नवा रायपूरमधल्या एका संस्थेच्या प्रशिक्षण विभागात मी कंत्राटावर आहे. परिषद आमच्याच सभागृहात होती, त्यामुळे नोंदणीचं टेबल, बॅज, जेवणाची कुपनं असं सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. सकाळी लवकर पोचायचं होतं आणि तिकडच्या बसचा काही भरवसा नाही, म्हणून नवऱ्याने चौबे कॉलनीतून मला स्कूटरवर आणून सोडलं. सोडून ते परत गेले नाहीत. घरी त्यांना काही काम नव्हतं. दिवाळीपासून ते घरीच होते.

शहराबाहेरच्या एका कारखान्यात ते डिस्पॅचला होते, लग्नाआधीपासून. मालक बदलला, मग सल्लागार आले. सल्लागारांनी काही जणांना ‘सुधारणा योजने’त टाकलं, त्यात हेही होते. तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर बघू. त्यांचं टेबल जिन्याजवळ नेऊन ठेवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा त्यांच्या खुर्चीवर बसला. तासातासाला काय केलं ते लिहून द्यायचं, आणि दर शनिवारी चार लोकांसमोर बसून ते वाचून दाखवायचं. शेवटी त्यांनी राजीनामा दिला. लोकांना सांगताना ते ‘मीच सोडलं’ म्हणत, आणि मीही तेच म्हणत असे. माझा नवरा काही देवमाणूस नाही. कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करायचे, शिका म्हटलं की चिडायचे, आणि मी त्यावरून पुष्कळ बोललेली आहे. पण त्या तीन महिन्यांत ते घरी येऊन बूट न काढता तसेच दिवाणावर बसून राहायचे, ते मी पाहिलं आहे. हळू टाइप करणाऱ्या माणसाला एवढी शिक्षा नसते.

परिषदेचा मला एकच उपयोग दिसत होता. रायपूर, भिलाई, बिलासपूरकडच्या कारखान्यांचे आणि कंपन्यांचे लोक एका छताखाली येणार होते आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीतच नेटवर्किंगचा, म्हणजे ओळखी करून घ्यायचा, तास होता. बिलासपूरचे एक पाहुणे येणार नाहीत असा आदल्या दिवशी निरोप आला होता. त्यांचं कुपन माझ्याकडे उरलं. मी नवऱ्याला म्हटलं, दुपारी आत या, जेवा, दोन माणसांशी बोला. त्यांच्यासाठी कोरा बॅज घेतला आणि नाव लिहिलं. खाली ‘पद’ असं छापलेलं होतं. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती जागा मी तशीच सोडली.

सकाळचा मुख्य वक्ता मुंबईहून आला होता. मूळचा नागपूरचा, चाळिशीतला, अंगावर छान बेतलेला कोट, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपणच हुशार आहोत असं वाटावं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. त्याने पडद्यावर एक उदाहरण लावलं. रायपूरजवळचा एक कारखाना, डिस्पॅच विभाग, पन्नाशी ओलांडलेला एक कर्मचारी. नाव अर्थातच नाही. तो म्हणाला, या गृहस्थांना आमच्या लोकांनी रिव्ह्यूमध्ये विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? तर त्यांचं उत्तर ऐका. आणि त्याने हिंदीत ते म्हणून दाखवलं, “सर, पाँच साल बाद आपकी कुर्सी पर कोई और बैठा होगा, और मैं उसको भी यही जवाब दे रहा होऊँगा.”

सगळं सभागृह खदखदून हसलं. हे उत्तर देऊन नवरा ज्या दिवशी घरी आला, त्या दिवशी जेवताना त्यांनी ते आम्हाला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. मुलगी हसत म्हणाली होती, “पापा, आपने सच में ऐसा बोला?” मलाही हसू आलं होतं. चला, अजून जिवंत आहे म्हणायचा आमचा माणूस, असं वाटलं होतं.

वक्ता पुढे सांगत होता. अशा माणसाला काढू नका, काढलं तर भांडण, कोर्ट, युनियन. त्याला स्वतःहून जाऊ द्या. त्याची जागा थोडी बदला, त्याला दर आठवड्याला प्रश्न विचारा, त्याला स्वतःलाच उत्तर सापडेल. या गृहस्थांना तिसऱ्या महिन्यात सापडलं. कुठलाही वाद नाही, पूर्ण सन्मानाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात कुपनांचा गठ्ठा होता, तो त्या कोटाच्या तोंडावर भिरकावावा असं मनापासून वाटलं. पण माझं कंत्राट त्याच वर्षी नवं व्हायचं होतं, आणि घरात तेवढा एकच पगार येत होता. मी गठ्ठा घट्ट धरून उभी राहिले.

चहाच्या सुट्टीत मी तडक पार्किंगकडे गेले. म्हणायचं होतं, चला, घरी जाऊ. हे झाडाखाली गेटवरच्या गार्डशी बोलत उभे होते. गार्ड गोंदियाकडचा निघाला होता आणि त्याच्या गावच्या कुणाला तरी हे ओळखत होते. ही त्यांची जुनी सवय, त्यांचीच काय, रायपुरातल्या आमच्या सगळ्या वऱ्हाडी-नागपुरी घरांची. मराठी माणूस दिसला की आधी ‘कुठले तुम्ही?’, मग ‘कोणाकडचे?’, आणि मग कुठली तरी आत्या, कुठला तरी मामा सापडेपर्यंत सुटका नाही. त्यांच्या वडिलांनी रेल्वेत असताना यावरच अर्धं गाव जोडलं होतं. मला पाहून यांनी शर्ट नीट केला. क्रीम रंगाचा, मुलाखतीसाठी शिवून घेतलेला. म्हणाले, “झालं का? जेवाले येऊ?” त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा तजेला होता. मी बॅज त्यांच्या खिशाला लावून दिला.

नेटवर्किंग म्हणजे खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर. घंटा वाजली की एका रांगेतल्या लोकांनी एक खुर्ची पुढे सरकायचं. थोडक्यात आपली ओळख सांगायची, कार्ड द्यायचं, पुन्हा घंटा. मुली बघायच्या कार्यक्रमात पाहुणे बदलतात तसा प्रकार. घंटा वाजवायचं काम माझं. नवरा एका जागी बसलेले, आणि समोरून एकेक माणूस येत होता. बॅजवरच्या रिकाम्या जागेकडे बघायचा, आणि कार्ड पुन्हा खिशात जायचं. एक बाई तर सरळ फोन बघत बसल्या. वक्ता यांच्या शेजारच्या माणसासमोर आला तसं गोंधळून मी घंटा लवकर वाजवली, म्हटलं हा तरी पटकन पुढे सरकेल. पण सरकला तो यांच्याच समोर येऊन बसला.

मी घंटा हातात घेऊन यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

यांनी ओळख सांगितलीच नाही. म्हणाले, “बोलण्यावरून आपल्याकडचे वाटता. कुठले हो तुम्ही?”

“नागपूर,” तो हसून म्हणाला. “पण लहानपण सगळं आजोळी गेलं, आर्वीला.”

“आर्वीत कोणाकडे? बसस्टँडच्या मागे एक वकील होते, उंच, टोपी घालत...”

“माझे आजोबा ते!”

झालं. माझी घंटा वाजवण्याची वेळ होऊन गेली, पण मी हात हलवला नाही. यांच्या मावशीचं घर त्या वकिलांच्या शेजारी निघालं. त्यांच्या अंगणातली विहीर, तिथे पडलेलं वासरू, सगळं निघालं. वक्ता कोट, मुंबई, सगळं विसरून गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. ‘भाऊ, भाऊ’ करायला लागला. मग त्याने विचारलं, “आणि भाऊ, तुम्ही इथे कुठे असता?”

“आता घरीच. आधी डिस्पॅचले होतो,” असं म्हणून यांनी कारखान्याचं नाव घेतलं.

वक्ता थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याने बॅजवरचं नाव वाचलं, मग यांच्याकडे पाहिलं, मग बॅजकडे. त्याला कळलं. मला वाटलं, आता उठेल, किंवा निदान नजर तरी खाली घालेल. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी यांना दिलं. “भाऊ, मी फोन करतो. तुमच्यासारखा माणूस घरी बसायला नको,” तो म्हणाला. तेव्हा मी एवढ्या जोरात घंटा वाजवली की पलीकडच्या रांगेतले लोक दचकले.

परत येताना त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर हे स्कूटर हळू चालवत होते. “माणूस बरा वाटला,” म्हणाले. ‘तुमच्यावर आज अख्खं सभागृह हसलं’ हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू? फोन येणार नाही, विषय आपोआप संपेल, असंही वाटलं.

फोन आला. आठवडाभरात. यांना शहरातल्या एका हॉटेलात बोलावलं, आणि परत आले ते काम ठरवूनच. मी विचारलं, काम काय? ते शर्टाची बटणं काढता काढता सांगू लागले. कंपन्या जुन्या लोकांना कमी करतात. त्यातले मराठी खूप, वर्धा-अमरावतीकडचे, बापजाद्यांपासून इकडे आलेले. साहेबांशी ते धड बोलत नाहीत, अडून बसतात. तर त्यांच्याशी आधी कुणीतरी आपल्या माणसाने बसून बोलायचं. चहा पाजायचा, घरचं विचारायचं, आणि राजीनामा देण्यातच तुमची इज्जत आहे हे पटवून द्यायचं.

माझं डोकं फिरलं. परिषदेतल्या भाषणापासून सगळं मी एका दमात सांगून टाकलं. पडद्यावरचं उदाहरण, त्यांचं उत्तर, लोकांचं हसणं, टाळ्या. “हाच तो माणूस. यानंच तुमचं टेबल जिन्याजवळ नेलं. अन् तुम्ही त्याच्याकडे कामाले जाता?”

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, “मले माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“कारखान्याचं नाव घेतलं अन् तो चूप झाला ना, तेव्हाच समजलं मले.”

“मग काहून बोलत बसले त्याच्याशी?”

“कोणाशी बोलू मग?” ते एकदम ओरडले. “तू पाहात होती ना, बाकी कोणी कार्ड तरी दिलं का मले? एकानं दिलं, तो हा. हव, हाच. पोट्टीचं कॉलेज अजून बाकी आहे, तुझ्या कंत्राटाचं काही खरं नाही. सांग, काय करू?”

मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली, “मम्मी, पापा को छोड़ दो ना,” आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. रागावून पोळ्या लाटल्या. त्या रागाचं करायचं काय, ते मला अजूनही समजलेलं नाही, कारण दुसऱ्या महिन्यापासून त्या पोळ्यांची कणीक त्यांच्याच पगारातून येऊ लागली.

काम त्यांना चांगलं जमतं. मुंबईचा माणूस फोनवर कौतुक करतो, ते कौतुक हे समता कॉलनीतल्या आमच्या नातेवाइकांना ऐकवतात. आता ते बूट दारातच काढतात, जेवतातही नीट. फक्त जेवताना किस्से सांगत नाहीत. मी विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर देतात.

परवा संध्याकाळी चहा दिला आणि विचारलं, आज कोण होतं?

“भिलाईचा एक जण. मूळचा पुलगावचा. त्याचे सासरे आपल्या बाबांच्या हाताखाली होते, रेल्वेत. निघाली ओळख.”

“मग?”

“रडला बिचारा. बायकोचं ऑपरेशन झालं आहे म्हणे. म्हणाला, भाऊ, तुम्ही आपलेच आहा, आता तुम्हीच सांगा काय करू.”

“अन् तुम्ही सांगितलं?”

“सांगितलं. सही केली त्यानं.”

मी कप उचलायला वाकले. ते खिडकीबाहेर बघत होते.

“रविवारी घरी जेवाले बोलावलं आहे त्यानं,” ते म्हणाले. “वहिनीलेही घेऊन या म्हणाला.”