बर्फात शेवटी कोण राहणार

त्या वर्षी गणपतीच्या आधीपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर नॉर्वे पसरलेला होता. यांनी नकाशाचे चार कागद चिकटवून एक केला, वर काच टाकली, आणि आम्ही त्याच्यावरच जेवायला लागलो. आमटीचा थेंब सांडला की हे आधी बघायचे, खाली कुठलं गाव आलं. माझं डोकं फिरायचं. साठीला टेकलेल्या माणसांनी उत्तर ध्रुवाच्या उंबऱ्यावर जायचं, पायांना फळ्या बांधायच्या आणि पाच दिवस बर्फातून चालायचं, याला सुट्टी कुठल्या अंगानं म्हणायचं ते मला कुणी सांगेना.

बेत यांचाच. मुलगा तिकडे नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती आणि दर वेळी तोच भोपाळला यायचा. एका रविवारी फोनवर यांनी एकदम सांगून टाकलं, रिटायर व्हायच्या आधी एकदा तुझ्याबरोबर ते तुमचं स्कीइंग करायचंय. डोंगरावरून घसरायचं ते नव्हे, सपाटीवरून चालत जायचं ते, एका लाकडी खोपटापासून पुढच्या खोपटापर्यंत. मुलगा आधी हसला, मग इतका खूश झाला की माझा नकार माझ्याजवळच राहिला. मार्च ठरला.

हे कारखान्यात प्लॅनिंगला. तीस वर्षं मोठमोठ्या मशिनींची कामं कागदावर मांडण्यात गेलेली. त्यामुळे सुट्टी ही सुट्टी राहिलीच नाही, जॉब झाला. प्रत्येक दिवसाचा वेगळा कागद. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, वारा सुटला तर काय. आणि पहिल्या पानावर, चौकटीत, चालायची रांग. पुढे मुलगा, वाट काढायला. मध्ये मी, कारण मी सगळ्यात कच्ची. शेवटी हे. शेवटच्या माणसाजवळ नकाशा आणि होकायंत्र. धुकं आलं, पुढच्याच्या खुणा बुजल्या, तर सगळ्यांना धरून ठेवायचं काम शेवटच्याचं. तिकडे मागे कुणी सुटलं तर सापडेलच असं नाही, असं मुलानं दोनदा बजावलं होतं. हे म्हणाले, ती जबाबदारी माझी.

आता भोपाळच्या पिपलानीत, आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बर्फ कुठून आणणार? यांनी वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राकडून पाइपच्या चार काठ्या करून घेतल्या, खाली रबराची बुचं लावून. दोन लांब फळ्यांना चाकं बसवली. सायकल स्टँडच्या सिमेंटवर मला त्यांच्यावर उभं केलं, आणि मी जी आपटले ती आठवडाभर उशी घेऊन बसत होते. हातमोजे तपासायला हे आइस्क्रीमच्या दुकानात जाऊन डीप फ्रीजरमध्ये हात घालून घड्याळ बघत उभे राहिले. रोज सकाळी पाठीवर दहा किलो तांदूळ, दोन हातांत काठ्या, आणि स्वारी निघाली. लोक विचारायचे, सर, एव्हरेस्ट कब? हे हसून काठी वर करायचे.

डिसेंबरात एके सकाळी मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधून फोन आला. सर आमच्याकडे येऊन बसलेत, चहा पाजून पाठवतो. मी पोट धरून हसले. ज्यानं टाउनशिपमध्ये दिवस काढलेत त्याला यात काही नवल वाटणार नाही. सगळी घरं एका साच्यातली. तेच फाटक, तीच जाळीची खिडकी, त्याच तीन पायऱ्या. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरणं हा आमच्याकडे जवळजवळ रिवाजच होता. मी स्वतः एकदा भलत्याच ओट्यावर दूध तापत ठेवलं होतं, आणि माझा लायटर कुठे गेला म्हणून त्या घरच्या सुनेवर खेकसले होते. असे किस्से हळदीकुंकवाला पुरतात. यांचाही किस्सा मी चार घरी रंगवून सांगितला. त्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी त्याच घरातली बाई स्वतः आली. ग्वाल्हेरची, मराठी छान बोलायची, पण मनातलं काही असलं की हिंदीत शिरायची. दारातच उभी राहिली, आत येईना. सर पुन्हा आले होते, म्हणाली. बूट काढले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. ती पाणी घेऊन गेली तर तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"भाभीजी, सर ने मुझसे पूछा, आप कौन हैं? हमारे घर में क्या कर रही हैं?"

मी तिच्यावरच भडकले. म्हटलं, चेष्टा केली असेल, तुम्हाला चेष्टासुद्धा कळत नाही का. ती बिचारी मान हलवून गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली, आणि हातून पाणी इतकं पडलं की त्या कणकेची पोळी काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मीही येते सरावाला. हे खूश. बाजारापर्यंत गप्पा मारत गेलो. परतताना मात्र मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. बोलायचं नाही, खुणवायचं नाही, असं ठरवून. तीस वर्षं हा माणूस याच वाटेनं स्कूटरवरून येतोय, तुझंच डोकं ठिकाणावर नाही, असं स्वतःला सांगत होते. पहिलं वळण बरोबर घेतलं. दुसरंही. तिसऱ्या चौकात हे थांबले. काठ्या टेकून उभे राहिले. चारही बाजूंना पिवळी क्वार्टर्स. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग यांनी माझ्याकडे पाठ करून खिशातून एक कागद काढला, वाचला, घडी घालून परत ठेवला आणि बरोबर डावीकडे वळले.

घरी आल्यावर हे आंघोळीला गेले आणि मी खिसा धुंडाळला. कारखान्यात प्रत्येक कामाचा असतो तसा तक्ता होता. पायरी, काम, तपासणी. अक्षर छापल्यासारखं. पायरी एक, बाजारातून बाहेर पडून उजवीकडे, तपासणी, दुधाचा बूथ. पायरी दोन, सरळ, तपासणी, शाळेची भिंत. अशा सात पायऱ्या. सातवी, फाटक उघडून आत. आणि तिच्यापुढे, तपासणी, हिचा आवाज.

मी सातही पायऱ्या परत पहिल्यापासून वाचल्या.

हे बाहेर आले, माझ्या हातातला कागद बघितला. लपवालपवी केली नाही. गेल्या उन्हाळ्यापासून, म्हणाले. कारखाना सुटल्यावर गेटबाहेर स्कूटर सुरू केली आणि कुठे जायचं तेच सुचेना. भोपाळातच, शाहपुऱ्यातल्या एका डॉक्टरकडे परस्पर जाऊन आले होते, कारखान्याच्या दवाखान्यात दाखवलं तर बोभाटा होईल म्हणून. हळूहळू वाढत जाईल, असं तो म्हणाला. किती हळूहळू, ते त्यालाही सांगता येईना. त्याच आठवड्यात रविवारी यांनी मुलाला तो स्कीइंगचा फोन केला होता. आहे तेवढ्यात एकदा त्याच्याबरोबर चालून यायचं होतं, असं अगदी साध्या आवाजात म्हणाले.

मला दया यायला हवी होती. मला संताप आला.

"आणि तुम्ही शेवटी राहणार होतात? आम्ही दोघं पुढे बघत चालणार, आणि मागे नकाशा घेऊन तुम्ही?"

सगळं लिहून ठेवलंय ना, हे म्हणाले. वळणावळणाचं लिहिलंय.

"बर्फात दुधाचा बूथ नसतो."

हे ओल्या केसांनी तसेच खुर्चीत बसले. मुलाला सांगू नकोस, एवढंच म्हणाले, सांगितलंस तर तो येऊ देणार नाही.

तीन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. सांगितलं तर यांच्या हातातलं एवढंही जाणार होतं, आणि नाही सांगितलं तर मी यांना, मुलाला आणि स्वतःला जाणूनबुजून खाईत लोटणार होते. ताट वाढताना मी मुद्दाम जोरात आपटत होते. यांनी पोळीचा तुकडासुद्धा मागून घेतला नाही.

रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे नऊ वाजून गेलेले, तरी त्याच्या मागच्या खिडकीत काळोख होता, कारण हिवाळ्यात तिकडे सूर्य उगवतच नाही. मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. पहिलं पान समोर ओढलं आणि म्हणाले, रांग बदलायची आहे. का, असं मुलानं विचारलं.

"मला मधूनमधून रस्ता सापडत नाही रे."

मुलानं खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात एकेक विचारत गेला, कधीपासून, औषध काय, गाडी चालवता का. शेवटी म्हणाला, बेत रद्द करू या, तुम्ही नुसते माझ्याकडे या, घरातच राहू. शहाणपणाचंच बोलत होता. हे खाली मान घालून काचेवरची शितं बोटानं गोळा करत होते. वरच्या साहेबांनी प्लॅन नाकारला तर चार मुद्दे काढून भांडणारा हा माणूस, आणि आता एक शब्द काढत नव्हता. मला ते बघवेना.

या बेताला सहा महिने नावं ठेवणारी मी, मीच बोलले. म्हटलं, रद्द करायचं नाही. पाचाचे दोन दिवस कर. संध्याकाळी तुझ्या घरी परत येता येईल अशी जवळची वाट घे. पण जायचं. बाबा मध्ये, आणि शेवटी मी. मुलगा म्हणाला, आई, तुला त्या फळ्यांवर धड उभंसुद्धा राहता येत नाही. येईल, मी म्हटलं, मार्चला वेळ आहे.

फोन ठेवल्यावर यांनी रबर घेऊन रांगेतलं स्वतःचं नाव खोडलं, आणि पेन्सिल तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण तुम्ही शेवटी असाल, मी मागे वळून बघेन आणि तुम्ही तिथे नसाल, त्याची जास्त वाटते. माझ्यासमोर चाला. मला दिसत राहा."

यांनी मान हलवली आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.